उलट्या शेंड्याची गोगलगाय

नाकाड्या शिंकला, तेव्हा तृप्ती जुवाटकर पंपाच्या गाळणीत कोपरापर्यंत हात घालून शेवाळ उपसत होती.

आता यंत्र काही खरोखर शिंकत नाही. धोक्याचा इशारा देताना त्याच्या नळीत कोंडलेली हवा सुटते आणि 'फस्स' असा आवाज होतो, इतकंच. तृप्तीने तो आजवर फक्त चाचणीच्या दिवशी ऐकला होता. आज चाचणी नव्हती. शिंकेपाठोपाठ खाणीच्या तोंडावरचं काचेचं दार सरकत येऊन बंद झालं, शेजारच्या खाणींकडे जाणाऱ्या नळांच्या झडपा एकामागून एक मिटल्या आणि दारावरचा दिवा लाल झाला.

"गो तृप्ती," खालून पाण्याच्या कडेवरून तिच्या सासऱ्यांची हाक आली, "दार बंद कित्याक झाला?"

खाण जांभ्या दगडाची होती. देवगडच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, चिरे कापून कापून उरलेला, चार पुरुष खोल, चौकोनी खड्डा. भिंती इतक्या सरळ की पालसुद्धा विचार करूनच वर चढेल. समुद्र तापत गेला, किनाऱ्यालगतचं प्रवाळ पांढरं पडून मेलं, तेव्हा प्रवाळ मंडळाने अशा चार जुन्या खाणी घेतल्या, त्यांत समुद्राचं पाणी भरलं, वर दुधी काचेचं छप्पर घातलं आणि पाणी थंड राहील अशी सोय केली. समुद्र पुन्हा राहण्याजोगा होईपर्यंत प्रवाळाने इथे भाड्याने राहावं, असा बेत होता. भाडेकरू राहिले. समुद्राला मात्र काही घाई नव्हती.

तृप्तीच्या खाणीत प्रवाळाबरोबर नऊ महाशिंपले होते, लक्षद्वीपहून आणलेले. त्यांतली थोरली निळाई. परातीएवढी, उघडली की मोरपिसासारख्या निळ्या ओठांची. त्या ओठांच्या कातडीत डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न शिजवतं आणि आपल्या घरमालकिणीला वाढतं. निळाईची गेल्या वर्षीची पिल्लं शेजारच्या खाणीत होती. करंगळीच्या नखाएवढी, हजारभर. या किनाऱ्यावर आता महाशिंपल्यांचं एवढंच गोत्र उरलं होतं.

तृप्ती हात पुसत नाकाड्याच्या पडद्यापाशी आली. पडद्यावर दोनच शब्द होते: मनोरी गोगलगाय.

ती पाण्याकडे जाणाऱ्या उताराकडे वळली.

नाकाड्याचं काम समजायला सोपं आहे. आपण घरात वावरतो तेव्हा आपले केस गळतात, कातडीचा कोंडा पडतो. पाण्यातल्या जीवांचंही तसंच असतं. त्यांचा बुळबुळीतपणा, त्यांची विष्ठा, त्यांच्या अंगाचे कण पाण्यात मिसळत राहतात आणि प्रत्येक कणात त्या जीवाचं कूळ सांगणारा एक बारीक धागा असतो. पूर्वी हे धागे वाचायला मोठी प्रयोगशाळा लागायची. नाकाड्या दर तासाला पेलाभर पाणी ओढतो आणि जागच्या जागी ते वाचतो. पण नाकाची म्हणून जी अडचण असते, ती त्याचीही आहे. घरात शिरल्यावर तळलेल्या बोंबलांचा वास आला, तर बोंबील केले होते एवढं कळतं. किती केले, कुठे ठेवले, की सगळे खाऊन झाले, ते नाकाला कळत नाही. तिथे डोळे लागतात. म्हणून प्रत्येक खाणीत मंडळाने एक ओळखपाल नेमलेला होता. या खाणीची ओळखपाल तृप्ती होती.

"आबा," ती उतारावरून खाली येत म्हणाली, "तुम्ही पाण्यात काय टाकलंत?"

आबा पाण्याकडे बघत उभे होते. पाण्यावर शेंडीचा नारळ डुलत होता.

"टाकूक नाय. दिलंय," आबा म्हणाले. "माझ्या नातीच्या, ओवीच्या लग्नाची पयली अक्षत. माझ्या बापाशीन दिली, मी दिलंय, तुमच्या लग्नातय समुद्राकच पयली दिली. आता खालच्या बंधाऱ्याकडे माणसाक जाऊक देणत नाय. मगे मी म्हटलंय, अर्धो समुद्र आमच्या सुनेच्या खाणीत आसा, थंयच देवया."

"नुसता नारळ?"

"नारळ कसो नुसतो देतले? अक्षता कालवाच्या शिंपीत घालून दिलंय. ताजा कालव. सकाळीच खाडीतल्या खडपावरसून काढलंय."

तृप्तीने डोळे मिटले. अक्षत कोरड्या करवंटीत दिली असती तरी चाललं असतं. पण जुवाटकरांच्या घरात ती कालवाच्या शिंपीतूनच देतात, आणि तीही ओली, नुकती फोडलेली.

ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि काचतळाचं डबडं पाण्यावर टेकवून आत बघू लागली. शिंप निळाईवरच कलंडली होती. तांदळाचे दाणे तिच्या ओठाच्या कडेवर विखुरले होते. कुंकू विरघळत होतं, त्याचा गुलाबी धूर पाण्यात तरंगत होता. आंबेमोहोराचे बारीक, पांढरे दाणे. एक, दोन, चार, आठ. तिला हायसं वाटलं. मग त्यांतला एक दाणा चालू लागला.

---

मनोरी गोगलगाय दिसायला तांदळाच्या दाण्यासारखीच असते. पांढरी, टोकदार, मनोऱ्यासारखी. बाकीच्या गोगलगाईंना खरवडायला खरखरीत जीभ असते. त्या दगडावरचं शेवाळ खरवडून खातात, त्यांच्यामुळे खाण स्वच्छ राहते. मनोरीला ती जीभ नाही. तिच्याकडे सुई आहे आणि नळी आहे. ती शिंपल्याच्या ओठाशी बसते, सुई टोचते आणि नळीने त्याचं रक्त ओढते. दिवसा कवचाच्या खाली दडून राहते, अंधार पडला की वर येते. निळाईसारख्या थोराड शिंपल्याला दहा-वीस मनोऱ्या फक्त दमवतील. नखाएवढ्या पिल्लाला दोन पुरतात.

आणि खाणीत तशाच पांढऱ्या, तशाच टोकदार, निरुपद्रवी गोगलगाई शेकड्यांनी होत्या. दोघींतला फरक एकाच जागी दिसतो: शेंड्यावर. कुठल्याही गोगलगाईच्या शंखाचा शेंडा म्हणजे तिचं बाळपण. ती वाढते तशी खाली खाली वेढे घालत जाते. साध्या गोगलगाईचे वेढे शेंड्यापासून तळापर्यंत एकाच दिशेने जातात. मनोरी मात्र अंड्यातून निघून पाण्यावर तरंगत असते तेव्हा डावीकडे वळत असते. तळाला बसून दुसऱ्याच्या जिवावर जगू लागली की उजवीकडे वळते. पण पहिला वळसा पुसता येत नाही. तो शेंड्यावर तसाच राहतो, उलटा.

ओवी सात वर्षांची असताना तृप्तीने तिला हे भिंगातून दाखवलं होतं. "शेंडा बघ, मग बोल," असं ती तेव्हा म्हणायची. ओवी महिनाभर शाळेतल्या मुलांचेही शेंडे बघत हिंडली होती.

---

मंडळाचा नियम साधा होता, आणि साधा होता म्हणूनच त्यातून पळवाट नव्हती.

ओळखपालाला कोणी कोंडत नव्हतं. आतलं माणूस गोड्या पाण्याने आंघोळ करून, कपडे आतच टाकून, कधीही बाहेर जाऊ शकत होतं. मात्र लाल दिवा असताना बाहेर गेलेल्याला परत आत येता येत नव्हतं. आणि खाणीत ओळखपाल उरला नाही, तर तासाभरात नाकाड्या गोड्या पाण्याचे नळ सोडणार होता. समुद्राच्या जीवाला गोडं पाणी म्हणजे विष. गोगलगाय मरेल, प्रवाळ मरेल, निळाई मरेल, शेजारच्या खाणी वाचतील. ओळखपाल आत राहिला तर त्याने शोषक वेचायचे. सलग दोन सकाळी नाकाला वास आला नाही आणि डोळ्यांनीही 'नाही' म्हटलं, की दिवा हिरवा. नाहीतर दार तीन आठवडे बंद.

आज मंगळवार होता. ओवीचं लग्न रविवारी होतं.

"म्हणजे लग्नाक तू नाय?" आबांनी विचारलं.

"आहे. रविवारच्या आत वेचून काढते सगळ्या."

"आणि मी?"

"तुम्ही आत्ता जाऊ शकता. आंघोळ करा, कपडे ठेवा. मंडळाचा कागदी लेंगा मिळेल."

"लग्नघरात मी कागदाचो लेंगो घालून जाव?" आबा कट्ट्यावर बसले. "ह्या पाण्यातल्या पावण्यांका आमंत्रण मी दिलंय. ते गेल्याबिगर मी जावचंय नाय."

वेचायला अंधार हवा होता, आणि रात्रीची वाट बघायला तिला सवड नव्हती. तिने भर दुपारी रात्र केली. छपराखाली काळी जाळी ओढली, तिच्यावर ताडपत्री, मग लाल काचेचा दिवा लावला. गोगलगाईला लाल उजेड दिसत नाही. आमिष म्हणून आबांचीच कालवाची शिंप निळाईशेजारी दोरीने सोडली. मनोरीला आपलं जुनं घर ओळखू येतं. थोड्या वेळाने शिंप वर काढली तर तिच्या कडेला पांढरे दाणे लटकलेले असत. मऊ दात-ब्रशाने ते बशीत झाडायचे, एकेक भिंगाखाली धरायचा, शेंडा बघायचा. उलटा असेल तो गरम पाण्यात. सरळ असेल तो परत खाणीत.

आबांची नजर अधू होती, पण हात थरथरत नव्हता. ते दोरी सोडत आणि ओढत.

"आयुष्यभर पापलेटा ओढलंय," ते पुटपुटले, "आता ह्यो तांदूळ ओढतंय."

दिवसा दोनदा रात्र आणि एकदा खरीखुरी रात्र, असे दिवस जाऊ लागले. जेवणाचा डबा दारातल्या झरोक्यातून आत येई. आत येणाऱ्या वस्तूला बंदी नव्हती, बाहेर जाणाऱ्याला होती. तृप्ती वर बघे तेव्हा तिला चौकोन दिसे. चार भिंती, त्यांवर चिऱ्याच्या करवतीच्या आडव्या रेघा, वर दुधी झाकण. एवढी वर्षं हा चौकोन तिने कामाची जागा म्हणून पाहिला होता. आता तिला पहिल्यांदा वाटलं, मांजरीच्या पिल्लावर कोणीतरी टोपली पालथी घालावी तसं हे आहे.

गुरुवारी संध्याकाळी नाकाड्याचा आकडा, म्हणजे वासाचा जोर, चांगलाच खाली आला, पण शून्याला टेकला नाही.

"आता किती ऱ्हवली?" आबांनी विचारलं.

"दुपारपासून एकही सापडली नाही. पण वास आहे. मेलेल्यांचा वाससुद्धा दोन-तीन दिवस राहतो. जिवंतांचा की मेलेल्यांचा, ते त्याला कळत नाही."

आबांनी दोरी बाजूला ठेवली. मग पडद्याकडे हात करून म्हणाले, "तो तुका रोज विचारता ना, डोळ्यांनी काय दिसला म्हणान? मगे सांग त्याका. म्हण, साध्यो गोगलगायी होत्यो. माझीच चूक झाली. तुझा तो ऐकता."

हे खरं होतं. नाकापेक्षा डोळा मोठा, असं मंडळाने ठरवून दिलं होतं. ओळखपालाने 'निरुपद्रवी' असा शब्द उच्चारला की नाकाड्या गप्प बसणार, झडपा उघडणार, दार उघडणार. एका शब्दाचं अंतर.

"आणि एखादी राहिली असेल तर, आबा? पाणी पिल्लांकडे जाईल."

"एखादी! आणि चेडवाच्या लग्नात आवस नाय, ता चलात?"

तृप्ती उठली. तिने आबांसाठी पाणी तापवलं. लग्नघरात पुरुषमाणूस कोणी नव्हतं. तिचा नवरा जहाजावरून शनिवारी उतरणार होता. आबा कुरकुरत न्हाले, कागदी लेंगा चढवून दारात उभे राहिले आणि मागे न बघता म्हणाले, "पावणे जेवल्याबिगर जावचे नाय, ह्या माका आधी कळाक होया होता."

---

शनिवारी दुपारी ओवी आली. हळद नुकतीच लागली होती. कानामागे, नखांत, केसांच्या मुळाशी पिवळं होतं. ती काचेला नाक लावून उभी राहिली, लहानपणी राहायची तशी. बोलणं काचेतल्या जाळीतून ऐकू येई.

"आज सकाळचा आकडा काय?"

"शून्य," तृप्ती म्हणाली. तिच्या आवाजात लपवता न येणारी आशा होती. "उद्या सकाळी पुन्हा शून्य आला की झालं. आठला आकडा येतो, मुहूर्त अकराचा. साडी पाठव झरोक्यातून. इथूनच नेसून येते."

"आणि नाही आला तर?"

"येईल."

"आई, नाही आला तर?"

तृप्तीने काचेवरचा ओलावा पुसला.

"माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा तू इथेच होतीस," ओवी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, हे जास्त वाईट होतं. "पंप बिघडला होता. मी गुणपत्रक याच काचेवर लावून दाखवलं होतं तुला. आठवतं? तू म्हणालीस, जरा वर धर, दिसत नाही. तेव्हा मला मजा वाटली होती. आता वाटत नाही. काकू मला विचारतात, आई कुठाय? मी काय सांगू? शिंपल्याला बरं नाही?"

"ओवी, तो एक शब्द मी बोलू शकते. बोलू?"

ओवी काचेपासून मागे सरली. मग एकदम चिडून म्हणाली, "हे मला विचारू नकोस! हे तुझं आहे. माझ्या गळ्यात घालू नकोस." आणि ती पदर सावरत निघून गेली. काचेवर जिथे तिने हात टेकला होता तिथे हळदीची पाच बोटं राहिली, बाहेरच्या बाजूने. तृप्तीला ती पुसता येणार नव्हती.

---

रविवारी सकाळी आकडा आला: शून्य.

दिवा अजून लाल होता, कारण डोळ्यांचं उत्तर बाकी होतं. तृप्तीने पहाटेपासून शिंप तीनदा सोडून तीनदा वर काढली होती. रिकामी. महाशिंपल्यांचे ओठ भिंगाने पाहिले होते. स्वच्छ. झरोक्यातून आलेली मोरपंखी साडी ती नेसली. आता ती हसत होती. एकटीच, मोठ्याने.

वर गाडीचा आवाज झाला. ओवी स्वतः आली होती. हिरवा शालू, मुंडावळ्या कपाळावर नीट बसल्या नव्हत्या. मागे आबा, या वेळी खऱ्या धोतरात, हातात अक्षतांची वाटी.

"नवरी घराबाहेर पडली म्हणून काकू ओरडतायत," ओवी काचेतून म्हणाली. तीही हसत होती. "चल लवकर!"

"आलेच. थांब."

तिला निळाईचा निरोप घ्यायचा होता. दोन दिवस सुट्टी, इतकंच सांगायचं होतं. साडीचा काठ वर धरून ती कट्ट्यावर वाकली, पाण्यात हात घातला आणि निळाईच्या कवचाच्या खालच्या दुमडीवरून बोटं फिरवली. नेहमी फिरवायची तशी. निळाईने ओठ मिटले. तृप्ती उतार चढून दाराशी आली. आबांनी झरोक्यातून वाटी आत सरकवली.

"घे मूठभर. मंडपात गर्दीत गावाच्यो नाय."

तिने ओल्या हाताने मूठ भरली. दाणे तळव्याला चिकटले. कुंकवाने लाल, हळदीने पिवळे झालेले.

एकाला कुठलाच रंग लागलेला नव्हता.

तृप्ती हलली नाही. तो पांढरा दाणा तिच्या अनामिकेच्या मुळाशी होता. कदाचित तांदूळच. एखाद्या दाण्याला रंग लागत नाही, असं होतं. तिने तळवा डोळ्यांजवळ आणला. दाण्याच्या रुंद टोकातून दोन केसांएवढी शिंगं बाहेर आली, आणि तो तिच्या भाग्यरेषेवरून हळूहळू चालू लागला.

बाहेर कोणालाच दिसलं नव्हतं. आबा मुंडावळ्या नीट करत होते. नाकाड्या पडद्यावर शांतपणे विचारत होता: डोळ्यांना काय दिसतं?

ती साधी असेल. खाणीत साध्या शेकड्यांनी आहेत. आणि मनोरी असलीच तर एकच आहे, ती इथे आहे, हातात आहे, चिरडली की संपली. तृप्तीचं मन भराभर बोलत होतं, आणि तिला माहीत होतं की ते खोटं बोलतंय. पाच दिवस आमिषाला न भुललेली, दुमडीत दडून बसलेली एक सापडली, तर न सापडलेल्या किती? आणि अंडी? नाकाला वास येणार नाही इतकी थोडी आहेत, एवढाच शून्याचा अर्थ होता.

"आई?" ओवीचं हसू मावळलं होतं. "काय झालं?"

तृप्तीने तळवा काचेला लावला. हळदीच्या पाच बोटांवर, काचेच्या आतल्या बाजूने.

ओवीने पाहिलं. आधी अक्षता, मग तो एक दाणा. आबांनी डोळे बारीक करून विचारलं, "काय गो? तांदूळच ना?"

"भिंग आहे तुझ्याकडे?" ओवीने विचारलं.

"आहे."

"शेंडा दाखव."

तृप्तीने दुसऱ्या हाताने कनवटीचं भिंग काढलं आणि तळवा आणि काच यांच्या मधे धरलं. "जरा वर धर," ओवी म्हणाली, "दिसत नाही." तिने मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि एक डोळा मिटला. सातव्या वर्षी मिटायची तसा. काचेवर तिच्या श्वासाची वाफ आली. तिने ती पुसली आणि पुन्हा पाहिलं.

"उलटा आहे, आई," ती म्हणाली.

तृप्तीने मान हलवली. मग पडद्याकडे न वळता, लेकीकडे बघतच, ती मोठ्याने आणि स्पष्ट म्हणाली, "मनोरी. जिवंत. एक."

नाकाड्या शिंकला. दारावरचा लाल दिवा लालच राहिला.

आबा चिऱ्यावर बसले. सड्यावरच्या वाऱ्याने ओवीचा शालू फडफडत होता. रडली असती तर बरं झालं असतं, पण ती रडली नाही. तिने गाडीकडे पाहिलं, मग पुन्हा आईकडे, आणि पुढे होऊन कपाळ काचेला टेकवलं.

"मंडपात फोन समोर ठेवायला सांगते मी," ती म्हणाली. "पण तुझ्या अक्षता आत्ताच टाक. समोर आहे तोवर."

तृप्तीने तो पांढरा दाणा डाव्या मुठीत घेतला आणि मूठ घट्ट मिटली. उजव्या तळव्यावरच्या अक्षता तिने एकेक करून पाहिल्या. लाल, पिवळा, लाल. सगळ्या नीट पाहून झाल्यावर तिने त्या काचेवर, लेकीच्या कपाळाच्या उंचीवर, हलकेच टाकल्या. ओल्या होत्या म्हणून काही चिकटल्या, काही घरंगळून तिच्या पायाशी पडल्या.

बाहेर आबांचा बसका आवाज लागला. त्यांना मंगलाष्टक पुरतं येत नव्हतं, शेवटची ओळ तेवढी येत होती.

"शुभमंगल," ते म्हणाले, "सावधान."

डाव्या मुठीत तो दाणा अजून चालत होता, बाहेर पडायला वाट शोधत. तृप्तीने मूठ उघडली नाही.